उजवीकडचं बटण

३ मार्च

दादा,

ख्यालीखुशाली आई फोनवर सांगतेच, म्हणून ती सोडून थेट मुद्द्यावर येते. दोन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी तुझ्याशी बोलले नाही. फिटंफाट झाली. आता पुरे.

बातमी अशी की चषक परत होतोय! टेबल फुटबॉलचा, जोड्यांचा, २७ एप्रिलला, आपल्याच हॉलमध्ये! आणि टेबलं नवी कोरी! दांडे इतके सुळसुळीत की नुसता हात लावला तरी त्यांच्यावरची प्लास्टिकची माणसं हलतात. मी काल जाऊन चाचपून आले आणि आज दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. ते बिचारे आरशात बघून म्हणाले, "बाई, मी दोन झालोय." इतकी मी हवेत आहे.

माझी सध्याची जोडी ऐकशील तर हसशील. कोपऱ्यावरचा बेकरीवाला! माणूस लाख मोलाचा, पण पुढे उभा राहिला की दांडा गरगर फिरवतो. परवा पंचांनी चार वेळा टोकलं. पाचव्यांदा हा म्हणतो, "काय करू, दिवसभर पीठ घुसळायची सवय." मागे मी भिंत म्हणून उभी आणि पुढे हा पंखा. कसं व्हायचं?

हॉलमध्ये अजून मला भिंतच म्हणतात. पण "भिंत आणि बाण" असं जोडीनं म्हणायचे ना, ते ऐकायची सवय झाली होती रे. तुझा तो खेचून मारायचा फटका लोकांनी अजून विसरलेला नाही. फायनलच्या आधी दोन महिने तू तो का सोडलास, देव जाणे. नुसते इकडून तिकडे पास देत बसायचास. लाडात आला होतास, दुसरं काय.

असो. त्या फायनलचं मी मनातून काढून टाकलंय. सात-सात बरोबरी असताना तू ऐन वेळी डुलकी काढलीस हे सगळ्या हॉलनं पाहिलं, पण माणूस आहे, चुकतो. मी माफ केलं. बघ किती मोठं मन आहे माझं!

नावं २० तारखेपर्यंत द्यायची आहेत. गाडीनं सहा तासांचा तर रस्ता. ये.

भिंत


१२ मार्च

दादा,

पत्र मिळालं. पत्र कसलं, पाटी! चार ओळी, त्याही छापील! ज्यानं रंगवलेले दुकानांचे फलक बघायला लोक रस्त्यात थांबायचे, ज्यानं माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घातलं की मैत्रिणी वह्या पळवायच्या, तो सख्ख्या बहिणीला छापील पत्र पाठवतो. ब्रश टाकून छापखान्यात नोकरी धरलीस ती धरलीस, पण म्हणून घरी पण यंत्रानं बोलायचं?

आणि लिहिलंयस काय! "टेबल फुटबॉल सोडला. इथे पिनबॉल खेळतो. त्यात कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. आईला औषधं वेळेवर दे."

तिसरी ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. चौथी दाखवली. ती म्हणाली, "औषधं मी माझी घेते, तुम्ही दोघं तुमचं बघा."

पिनबॉल! अरे, तो काय खेळ आहे? काचेखाली एक छर्रा सोडायचा आणि तो खाली पडेपर्यंत बोंबलायचं. आपल्या खेळात समोर हाडामांसाचा माणूस असतो. त्याच्या खांद्यावरून कळतं तो कुठे मारणार ते. तो घाबरला की आपल्याला चेव येतो, हरला की चहा पाजतो. चेंडू पाचाच्या, म्हणजे मधल्या पाच माणसांच्या दांड्यावर आला की दहा सेकंदांत पुढे सरकवायचा, त्या दहा सेकंदांत माणसाचा घाम निघतो. आणि मागे कुणीतरी उभं असतं, दादा. आपण पुढे चुकलो तर मागे कुणीतरी आहे, हे त्या डब्याशी एकट्यानं भांडणाऱ्याला काय कळणार?

पण मला कुणी न बघता बोलते म्हणायला नको. सिनेमागृहामागच्या गल्लीत पिनबॉलची आठ मशीन्स आहेत. रविवारी जाते, खेळते आणि तुला सविस्तर कळवते की हा खेळ का भिकार आहे.

भिंत


१६ मार्च

दादा, दादा, दादा!

मी हरले. म्हणजे वादात हरले. मशीनकडून तर किती वेळा हरले याची गणतीच नाही!

अरे, काय खेळ आहे हा! पहिल्या चेंडूला मी स्प्रिंगची मूठ ओढून सोडली, चेंडू वर गेला, तीन ठिकाणी टणाटण आपटला, मी "वा!" म्हणेपर्यंत, बटण दाबलं की उडतात त्या खालच्या दोन पट्ट्यांच्या मधून सरळ भोकात. सहा सेकंद. दुसरा चेंडू, नऊ सेकंद. तिसऱ्याला मला आला राग. मी मशीनला अशी ढुशी दिली की सगळे दिवे गेले, पट्ट्या मेल्या आणि चेंडू निवांत घरंगळत गेला. मला वाटलं मोडलं! मागून मशीन दुरुस्त करणारे काका आले. त्यांच्या कानावर पेन्सिल आणि हातात पाना. म्हणाले, "मोडलं नाही, टिल्ट झालं. जास्त हलवलं की रुसतं. थोडं हलवायचं, पण त्याला कळता कामा नये."

मी म्हटलं, "काका, हे आमच्या आईसारखंच आहे की." ते इतके हसले की पाना पायावर पडला.

काल दुकान सुटल्यावर परत गेले होते, आणि आज परत. आज माझा एक चेंडू चार मिनिटं टिकला! चार मिनिटं! शेवटी शेवटी एकदम तीन चेंडू सुटले, मी दोन हात, तीन चेंडू आणि एक तोंड, तोंड तर बंदच होईना. शेजारच्या मशीनवरचे गृहस्थ आपला खेळ सोडून बघत होते.

आता खरं सांगते, नीट तोलून मापून. आपल्या खेळात समोरचा माणूस दमतो, इथे उतार दमत नाही. चेंडू खाली यायचा तो येणारच. आपल्या खेळात गोल खाल्ला की दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, इथे बोट दाखवायला कुणी नाही, म्हणून मी पहिल्यांदाच गप्प बसून माझी चूक काय झाली याचा विचार केला. (हसू नकोस.) आणि गंमत म्हणजे, आपल्याकडे सगळी ताकद मनगटात, फायनलनंतर आठ दिवस मला ताटली उचलवत नव्हती. इथे मनगटाला सुट्टी. दोन बाजूंना दोन बटणं आणि दोन बोटं, बस्स! मी घरी येऊन आईला म्हटलं, हा खेळ तर हात दुखणाऱ्या माणसालाही जमेल. ती एकदम उठून गॅस बारीक करायला गेली. गॅस पेटलेलाच नव्हता.

तरी तुझी ती तिसरी ओळ मला पटलेली नाही. बाकी सगळं पटलं. चषकाला येतोस का? चार दिवस उरलेत.

भिंत


२३ मार्च

दादा,

नावं द्यायची मुदत गेली. मी बेकरीवाल्याचं नाव दिलं. पण आजचं पत्र त्याबद्दल नाही.

काल काकांना मी सहज सांगितलं की हा रोग मला माझ्या भावानं लावला. कुठला भाऊ म्हणाले, तर मी म्हटलं, उंच, मिशीवाला, फलक रंगवायचा तो. काका म्हणाले, "बोर्डवाला? तो तर गाव सोडायच्या आधी महिनाभर रोज दुपारी इथे यायचा."

मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, कसा खेळायचा?

"डावीकडे आलेला चेंडू असा झेलायचा की बघत राहावं. उजवीकडे आला की गेलाच. मला म्हणायचा, काका, उजवीकडचं बटण जाम आहे. मी त्याच्यासाठी तीनदा मशीन उघडलं. बटण ठणठणीत होतं."

मी "हो का" म्हटलं आणि खेळत राहिले. आज सकाळी दुकानात एका बाईंचे डोळे तपासत होते. एक डोळा झाकून विचारलं, "वाचता येतंय का?" त्या वाचत होत्या आणि मी ऐकतच नव्हते. उजवं बटण. छापील पत्र. टाकलेला ब्रश. सोडलेला फटका. सगळं ओळीनं समोर उभं होतं, सगळ्यात मोठ्या अक्षरातलं, आणि मला दोन वर्षं वाचता आलं नव्हतं. लोकांचे डोळे तपासते मी, दादा. धंदा आहे माझा तो.

त्या बाईंना तसंच खुर्चीवर बसवून मी घरी आले. आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "दादाच्या उजव्या हाताला काय झालंय?"

ती म्हणाली, "त्यानं शपथ घातलीय."

"आई!"

मग तिनं सांगितलं. मनगटातली नस. फायनलच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला होता. हातातून ब्रश गळून पडायचा, ते कुणाला दिसू नये म्हणून तू भिंतीकडे तोंड करून काम करायचास. तिकडे गेल्यावर ऑपरेशन झालं आणि उपयोग झाला नाही. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू फायनल खेळली असतीस का? चार वर्षं वाट बघितली होतीस. तो म्हणाला, एवढा एक दिवस ढकलतो, तिला चषक मिळू दे, मग सांगू."

आता माझी पाळी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

सात-सात होते. आठवा गोल ज्याचा, चषक त्याचा. चेंडू त्यांच्या पाचाच्या दांड्यावर होता. नियम तुला माहीत आहे, मला माहीत आहे, हॉलच्या झाडूवाल्यालाही माहीत आहे: समोरचा विचारतो, "तयार?" आणि पुढे उभा असलेला म्हणतो, "तयार." तो म्हणेपर्यंत चेंडू हलवायचा नाही. पुढे तू होतास. उत्तर तू द्यायचं होतंस.

तू दिलं नाहीस, मी दिलं. मागून ओरडले, "तयार!" मला घाई झाली होती. मला जिंकायचं होतं. तुझ्याकडे एकदाही न बघता मी आपल्या दोघांच्या वतीनं तयार होऊन बसले, आणि तू तेव्हा टेबलाखाली उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होतास. ते मला दिसलं होतं, दादा. चेंडू गेल्यावर दिसलं, पण दिसलं. आणि चेंडू तुझ्याजवळून गेला तसाच माझ्याही समोरून गेला. भिंत मी होते. गोल माझ्या जाळीत झाला.

आणि मग मी सगळ्या हॉलसमोर काय म्हणाले? "तुझ्यापेक्षा दांड्यावरचा प्लास्टिकचा माणूस बरा, तो निदान वळतो तरी." लोक हसले. तू पण हसलास. महिन्याभरानं तू गेलास आणि मी आजवर सगळ्यांना सांगत फिरले की दादानं डुलकी काढली.

वर मी तुला माफ केलं म्हणून लिहिलं! जीभ झडली कशी नाही माझी! दादा, चूक माझी होती. माझी होती, माझी होती. मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही, पण म्हणते.

तुझी
बहीण


६ एप्रिल

दादा,

दोन आठवडे झाले, तुझं काही नाही. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, पोटात मावत नाहीये!

काका परवा म्हणाले की त्यांच्याकडे पण स्पर्धा आहे, आणि तिच्यात एक डाव जोडीचा असतो. मी म्हटलं, पिनबॉलमध्ये जोडी? एकट्याचा खेळ ना हा? ते म्हणाले, "एक मशीन, दोन माणसं. एक डावीकडचं बटण सांभाळतो, दुसरा उजवीकडचं."

दादा! एक डावीकडचं आणि दुसरा उजवीकडचं!

मी तिथल्या तिथे ओरडले. काका म्हणाले, "हळू, मशीन टिल्ट होईल."

लगेच करून बघितलं. आई माझा विसरलेला डबा घेऊन आली होती, तिलाच डावीकडे उभं केलं. आधी म्हणाली, "मला नाही जमायचं, माझं वय आहे का." मग पर्स माझ्या गळ्यात अडकवली आणि बाह्या सावरल्या. अरे, काय सांगू! चेंडू माझ्या बाजूला असला तरी ही आपलं बटण दणादण दाबतेय. मी म्हटलं, "आई, तुझा नाही तो, माझा आहे!" तर म्हणते, "तुझं-माझं काय करतेस, पडतोय तो, धर!" एकमेकींना कमरेनं ढकलत आम्ही दोन वेळा टिल्ट केलं. पण तिसऱ्या डावात एक क्षण असा आला की तिनं डावीकडून चेंडू हळूच माझ्याकडे सोडला, मी उजवीकडून मारला, तो सरळ वरच्या बोगद्यात गेला आणि सगळ्या मशीनभर दिवाबत्ती! आईनं मला मिठी मारली. तिथल्या तिथे, डब्यासकट.

तू म्हणतोस, पिनबॉलमध्ये कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. या डावात राहावं लागतं. आपल्या खेळापेक्षाही जास्त! तिथे मागचे दांडे माझे, पुढचे तुझे, मी आपली माझ्याच दांड्यांकडे बघायचे. इथे खांद्याला खांदा लागतो. शेजारचा काय करतोय ते बघितल्याशिवाय एक चेंडू टिकत नाही.

स्पर्धा २७ एप्रिलला आहे. हो, चषकाच्याच दिवशी. मी बेकरीवाल्याला सांगून टाकलं की मी नाही. वाटलं रागावेल. तर तो म्हणाला, "बरं झालं, बायको केव्हाची मागे उभी राहते म्हणतेय." काल खेळून बघितलं त्यांनी. दादा, ती बाई म्हणजे लोखंडी दार आहे! भिंत आता तिलाच म्हणायला हवं.

मी काकांकडे नाव दिलंय. उजवीकडे मी. डावीकडची जागा कोरी ठेवलीय. काका म्हणाले, कोरी चालत नाही. मी म्हटलं, चालवा.

बहीण


१७ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आज दुकानाच्या पत्त्यावर आलं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, मी पाकीट फोडलं आणि आत ते. छापील नाही. डाव्या हातानं काढलेली, वाकडीतिकडी, लहान पोरानं काढावीत तशी अक्षरं, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली, अगदी माझ्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी:

"वा
चता
येतंय
का?"

येतंय. येतंय रे. सगळ्यात खालची ओळसुद्धा येतेय. गिऱ्हाईकाला वाटलं घरात काही वाईट झालं. त्यांनीच मला पाणी दिलं. मी रडत रडत त्यांना दाखवलं, हे बघा, माझ्या भावाचं अक्षर, किती सुंदर आहे. ते सभ्य गृहस्थ, म्हणाले, "हो, छान आहे." नंबर वाढलाय त्यांचा.

मागच्या बाजूला एक ओळ आहे तीही वाचली: "बटण हळू दाब, मशीन बिचारं आहे." म्हणजे येतोयस, असं मी धरून चाललेय. आई म्हणाली, "धरून कशाला चालतेस, विचार की." परत तेच करायला निघाले होते बघ, तुझं उत्तर मीच देऊन टाकायला.

म्हणून विचारते.

२७ तारखेला दुपारी तीन वाजता, सिनेमागृहामागच्या गल्लीत, दाराजवळून तिसरं मशीन. काकांनी दोन्ही बटणं नवी घातलीत. मी उजवीकडे उभी असेन, डावीकडे कुणाला उभं राहू देणार नाही. काकांना मी एक विचारून घेतलं, की चेंडू स्प्रिंगवर किती वेळ ठेवता येतो? आपल्याकडे दहा सेकंद, नाहीतर पंच हात वर करतो. ते म्हणाले, "इथे तसं काही नाही. मूठ ओढेपर्यंत चेंडू बसून राहतो. तास म्हण, दिवस म्हण."

या बाबतीत पिनबॉल बरा. मूठ माझ्या हाताशी असेल, पण तू बोलल्याशिवाय मी ती ओढणार नाही. यावेळी मी तुझ्याकडे बघून विचारेन आणि गप्प उभी राहीन.

दादा, तयार?